राईबाई आणि सांगेना मंडळी

एक होती मुंगी. मोहरीएवढी. म्हणून तिचं नाव राईबाई.

राईबाईचं घर ओढ्याकाठी. आजीने दाखवलेल्या जागीच बांधलेलं. पण पाऊस हल्ली वेडा झालाय. भर उन्हाळ्यात आला, धो धो धो! घर बुडलं, बुडुक! राईबाईने दुसरं बांधलं. तेही बुडलं, बुडुक!

राईबाई रडली. मुंगीचं रडणं ते केवढं! मग तिने डोळे पुसले. "पाणी कुठवर येणार, ते टिटवीला ठाऊक. ती बरोब्बर त्याच्या वर अंडी घालते."

निघाली तुरु तुरु तुरु.

"टिटवीताई, टिटवीताई,
माझं घर बुडलं, बुडुक!
पाणी कुठवर येणार, सांगा ना!"

"टिटिव टिटिव! मी नाही सांगणार जा! ऊन केवढं! माझी अंडी उकडायला लागलीत. गार कसं राहायचं, ते म्हशीने सांगू दे. मग मी सांगते."

निघाली तुरु तुरु तुरु.

"म्हैसमावशी, म्हैसमावशी,
टिटवी मला सांगेना,
माझं घर बुडलं, बुडुक!
गार कसं राहायचं, सांगा ना!"

"ओंऽऽय! मी नाही सांगणार जा! माझं डबकं आटलं. मी लोळू कुठे, तुझ्या डोक्यावर? पाणी कुठे लागेल, ते बेडकाने सांगू दे. मग मी सांगते."

निघाली तुरु तुरु तुरु.

"बेडूकमामा, बेडूकमामा,
म्हैस टिटवीला सांगेना,
टिटवी मला सांगेना,
माझं घर बुडलं, बुडुक!
पाणी कुठे लागेल, सांगा ना!"

"डराव! मी नाही सांगणार जा! माझ्या अंगाचा पापड झालाय. वाजवून बघ, कुडुम! गिरजाकाकू कुंभारणीचे माठ कसे सदा ओले गार! अंग ओलं कसं ठेवायचं, ते काकूने सांगू दे. मग मी सांगतो."

निघाली तुरु तुरु तुरु. काकू माठ थापत होती, थाप थाप थाप.

"गिरजाकाकू, गिरजाकाकू,
बेडूक म्हशीला सांगेना,
म्हैस टिटवीला सांगेना,
टिटवी मला सांगेना,
माझं घर बुडलं, बुडुक!
अंग ओलं कसं ठेवायचं, सांगा ना!"

"अगं बये, मी नाही सांगणार जा! माझे कच्चे माठ बाहेर वाळतायत. मागच्या खेपेला पाऊस अवचित आला नि सगळ्यांचा झाला गोळा! पाऊस कधी येणार, ते कुणीतरी सांगू दे. मग मी सांगते."

"कुणी सांगायचं?"

"मला काय ठाऊक!"

तेवढ्यात राईबाईच्या मिशा शिवशिवल्या. शिव शिव शिव!

"काकू, पाऊस उद्या येणार! माझ्या मिशा शिवशिवल्या की येतोच. कधी येणार ते मला कळतं. कुठवर येणार ते नाही कळत."

"मग आधीच नाही का सांगायचं!"

"मला कुणी विचारलंच नाही!"

काकूने भराभर माठ आत घेतले. मग म्हणाली, "बेडकाला म्हणावं, ओलं फडकं गुंडाळ. माठाला मी तेच करते."

बेडकाने फडकं गुंडाळलं. डोक्यालासुद्धा! नवरदेवच दिसायला लागला. म्हणाला, "म्हशीला म्हणावं, उंबराखाली उकर."

म्हशीने उकरलं, धपाधप धपाधप. पाणी लागलं! लोळली, लदबद लदबद. म्हणाली, "टिटवीला म्हणावं, पोट भिजव आणि अंड्यांवर बस."

टिटवीने पोट भिजवलं. अंड्यांवर बसली. हुश्श! म्हणाली, "राईबाई, यंदा पाणी त्या बाभळीच्या बुंध्यापर्यंत येणार. तू त्याच्या वर जा."

राईबाई गेली वर. घर बांधलं, कुरु कुरु कुरु.

दुसऱ्या दिवशी पाऊस आला, धो धो धो! पाणी चढलं. आणखी चढलं. बाभळीच्या बुंध्याशी आलं आणि... थांबलं!

राईबाईचं घर कोरडं ठणठणीत! तिने दारातून पाण्याला वेडावून दाखवलं, "वेंऽऽ!" आणि आनंदाने गिरक्या घेतल्या.

तेवढ्यात दारात अंधार झाला. एक भलं मोठं काळं नाक!

"राईबाई, बाहेर फार पाऊस गं. आत येऊ?"

"या की मावशी! पण आधी पाय पुसा!"

गोष्ट शिरली बिळात, बाळ शिरलं कुशीत.