रांजणात डोकावलेली निळाई

फार पूर्वी जपान देशात, समुद्रकाठच्या एका गावात एक म्हातारा रंगारी राहायचा. त्याला निळीशिवाय दुसरा रंग ठाऊक नव्हता, पण त्या निळाईसाठी लोक चार गावं ओलांडून यायचे. त्याचे हात कोपरापर्यंत निळे होते आणि स्वभाव भलताच कडक.

तो तांदळाची खळ कागदाच्या पुंगळीत भरायचा आणि कापडावर रेषा काढायचा, आपण मेंदी काढतो तशा. मग कापड निळीच्या रांजणात बुडवायचं. खळीखालचं पांढरं राहायचं, बाकीचं निळं व्हायचं. पण एखादी रेषा जरा हलली, एखादा ठिपका फुटला, की संपलंच. म्हातारा खळ धुऊन टाकी आणि अख्खं कापड पुन्हा रांजणात दाबी. नक्षीचं नावनिशाण उरत नसे.

त्याची एकुलती एक लेक सायो बाळंतपणाला माहेरी आली होती. आई नव्हती, बापच होता. त्या देशात बाळाच्या पहिल्या झबल्यावर तागाच्या पानांची नक्षी काढतात. सहा टोकांच्या चांदण्याच जणू, एकीला एक जोडलेल्या. तागाचं रोप कसं भराभर आणि सरळ वाढतं, तसं लेकरू वाढावं म्हणून. जन्मल्याबरोबर नाही जमलं, तरी बारशाच्या दिवशी बाळाच्या अंगावर ते झबलं हवंच.

आता खरी गोष्ट सांगते. मागच्या वर्षी सायोचं पहिलं बाळ चार दिवसांत गेलं होतं. त्याच्या झबल्यावर एक चांदणी जराशी फुटली होती. रंगारी कोणाला बोलला नाही, पण त्याच्या मनानं घेतलं, की त्या फटीतूनच दुखणं आत शिरलं.

म्हणून या खेपेला तो हट्टालाच पेटला. पहिलं कापड केलं. एक रेष जाड झाली. बुडवलं. दुसरं केलं. एका पानाचं टोक बोथट आलं. बुडवलं. तिसऱ्याची तीच गत.

नीळ आंबवलेली असते, म्हणून तिचा रांजण सांभाळावा लागतो. त्याला कोंडा घालायचा, ऊब द्यायची, विसावा द्यायचा. तो खुशीत असला, की वर निळ्या फेसाचं फूल येतं. म्हाताऱ्यानं त्याला इतकं राबवलं, की फूल विरून गेलं आणि कापडावर गडद रंग चढेना.

त्यातच सायो दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. मुलगी झाली, मुठीएवढी. बघता बघता बारसं उद्यावर आलं आणि घरात झबलं नव्हतं. म्हातारा रांजणाशी डोकं धरून बसला.

सायो भिंत धरत धरत त्याच्याजवळ आली. तिच्या हातात एक चिमुकलं झबलं होतं.

"बाबा, हे मी केलंय. तुम्ही दुपारी झोपायचात ना, तेव्हा. तुमच्या धाकानं एकदाच बुडवलं."

रंग अगदी फिका होता. कापड रांजणात नुसतं डोकावून आलं होतं. म्हाताऱ्याची नजर मात्र सवयीनं रेषांवर गेली. डाव्या बाजूच्या चांदण्या वाकड्या होत्या, चक्क एकीकडे झुकलेल्या. त्याचा चेहरा उतरला. तो झबलं घेऊन उठला आणि रांजणाकडे वळला. रांजण थकलेला असला, तरी एवढंसं झबलं गिळायला पुरेसा होता.

"पुन्हा फट नको," तो पुटपुटला. "पुन्हा नको, पोरी."

तेव्हा कुठे सायोला बापाच्या मनातलं कळलं. तिचे डोळे भरून आले.

"बाबा, आपलं बाळ रेषेमुळे नाही गेलं. त्याला ताप होता. त्याला जे चार दिवस मिळाले, ते त्यानं तुमच्या हातच्या कापडात काढले. मला तेवढाच आधार आहे."

म्हाताऱ्याचा हात रांजणावर थांबला.

"मग या वाकड्या कशा झाल्या?" त्यानं हळूच विचारलं.

"मी कापडाच्या फळीवर वाकायची, तर पोट आडवं यायचं. डावीकडे हात पोहोचायचाच नाही. ही आतून लाथा मारायची ते वेगळंच."

म्हाताऱ्यानं त्या चांदण्यांवरून निळं बोट फिरवलं. त्यानं झबलं छातीशी धरलं आणि तो लहान मुलासारखा रडला.

मग डोळे पुसून त्यानं बायकोची शिवणाची पेटी काढली. मोठ्या माणसांच्या कपड्याला पाठीवर शिवण असते, ती पाठ राखते असं ते लोक मानतात. झबलं असतं एकाच पट्टीचं, त्याच्या पाठीला शिवण नसते. म्हणून घरातली आजी झबल्याच्या पाठीवर रंगीत दोऱ्यानं चार टाके घालते. या घरात आजी नव्हती. आजोबांनी उभ्या जन्मात सुई धरली नव्हती. त्या निळ्या बोटांनी लाल दोरा ओवला आणि चार टाके घातले. चारही वाकडे.

त्यानं उसवायला सुई उचलली, सायोकडे पाहिलं आणि सुई पेटीत ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी मुठीएवढ्या नातीचं बारसं त्याच झबल्यात झालं. पुढे रांजणावर पुन्हा फूल आलं, पण रंगाऱ्यानं चुकलं म्हणून एकही कापड परत बुडवलं नाही. बायका तसलाच फिका रंग मागायला लागल्या, तेव्हा तो हसून म्हणे, "ते काम लेकीचं. मला तसं जमत नाही."

नात चार वर्षांची झाली. एकदा तिला पेटीत ते झबलं सापडलं. तिनं चांदण्यांवर बोट ठेवून विचारलं, "आजोबा, इथेच वाकडं का आहे?"

"तिथे तू होतीस, बाळ," आजोबा म्हणाले.

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: मायेनं केलेल्या कामातली चूक पुसायला धावू नये, आधी ती कशानं झाली हे विचारावं.