सुरमईवर खीर

विसाजी खोतांच्या पानात सुरमईचं कालवण होतं, तरी त्यांना त्यावर शेवयांची खीर हवी होती. स्वयंपाक करणाऱ्या सोनाक्कांनी पातेल्यावर झाकण ठेवलं. "माशांवर दूध बाधतं, खोत."

खोत भडकले. "मासा चांगला, दूधही चांगलं. मग दोन्ही एकत्र वाईट कसं? पटवून दे, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

सोनाक्कांनी शांतपणे विचारलं, "परवा बारशाला तुमच्या दोन्ही व्याह्यांची पानं कुठं मांडू?"

"ओसरीच्या दोन टोकांना. शेजारी बसले की भांडतात."

"माणसं वाईट आहेत?"

"छे, दोघंही देवमाणसं."

"ओसरीला दोन टोकं आहेत म्हणून निभावतं, खोत. तुमच्या पोटाला ती कुठून आणू?"

खोतांनी खिरीऐवजी आणखी भात मागितला.