कमानीखालची जागा

"पण हा पूल पडणार नाही, हे बांधणाऱ्याला कळलं कसं?"

"कळलं नाही," अनास्तासिओबाबा म्हणाले.

गोन्सालोला राग आला. चार दिवस खेचर हाकत तो काही हे ऐकायला आला नव्हता. स्पेनच्या त्या उजाड माळावर रोमनांनी बांधलेला, पाणी वाहून नेणारा पूल हजार वर्षांहून अधिक काळ उभा होता, तोही चिमूटभर चुना न लावता. त्याच्याखाली झोपडी करून राहिलेल्या या म्हाताऱ्या साधूला त्यातलं मर्म ठाऊक आहे, अशी सगळीकडे बोलवा होती.

गोन्सालो स्वतः काही ऐरागैरा गवंडी नव्हता. गावात पाणी आणायला त्यानेही असाच पूल बांधला होता. तो किती देखणा झाला आहे, हे बाबांना भाकरी खाता खाता दोनदा सांगूनही झालं होतं.

"टेकू काढलेस?" बाबांनी विचारलं.

गोन्सालोने हातातला भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. कमानीखालचे लाकडी टेकू दोन वर्षं तसेच होते. कधी चुना ओला, कधी थंडी फार, कधी सण तोंडावर. सबबींना काय तोटा! टेकू निघाल्याशिवाय पुलावरून पाणी सोडता येत नव्हतं, आणि गावच्या बायका अजून नदीवरून घागरी वाहत होत्या. खरी गोष्ट एवढीच, की टेकू काढताना बांधणाऱ्याने स्वतः कमानीखाली उभं राहायचं, असा त्या मुलखाचा रिवाज होता. आणि गोन्सालोची पाचावर धारण बसली होती.

बाबा उठले. त्याला मधल्या कमानीखाली घेऊन गेले.

भर दुपार होती, तरी तिथे विहिरीतला गारवा होता. खालच्या फरशीत दोन खळगे झिजले होते, पावलांएवढे.

"उभा राहा."

तो उभा राहिला. पावलं बरोबर बसली. वर काहीतरी करकरलं, झोपेत कुणी दात खावेत तसं.

"कसला आवाज हा?"

"दगड पडताहेत."

"कुठले?"

"सगळेच. रोज पडताहेत... शेजारचा वाट देत नाही, एवढंच."

गोन्सालोला मानेवर कुणीतरी श्वास सोडल्यासारखं वाटलं. मागे वळून पाहायचा धीर मात्र त्याला झाला नाही.

"बांधणारा... इथेच उभा राहिला होता?"

"इथेच."

"मग टेकू काढले. पूल उभा राहिला. तो घरी गेला असेल ना, बाबा?"

बाबांनी वर पाहिलं.

"खात्री पटली की निघतो, म्हणाला होता. जरा सरक. त्याच्या पायावर उभा आहेस."