चिखलात माखलेले तीन जोड

एकदा एक गुरुजी होते. ते पळायला शिकवत, पण स्वतः मात्र पळू शकत नसत. तरुणपणी इतके पळाले होते की म्हातारपणी गुडघ्यांनी साफ नकार दिला. सह्याद्रीतल्या एका पठारावर, गावाबाहेरच्या लाल मातीच्या वाटेवर, ते रोज पहाटे सायकल टेकवून दगडावर बसत आणि पळणाऱ्यांच्या पायांकडे पाहत. चेहऱ्याकडे क्वचितच. चेहरा काय, माणसाला हवा तसा करता येतो, असे त्यांचे म्हणणे होते.

त्यांच्या शिष्यांत दोघे सर्वांच्या पुढे. जोतिराम वयाने थोरला, अंगाने भरलेला, रुंद पावलांचा. शिवतेज त्याच्याहून धाकटा, उंच आणि सडपातळ. बुटाचे माप मात्र दोघांचे एकच. पूर्वी जोतिरामच नेहमी पहिला येत असे. पुढे कधी हा, कधी तो, असे होऊ लागले. त्या वर्षी जिल्ह्याच्या संघात मॅरेथॉनसाठी एकच जागा होती आणि निवडस्पर्धेत जो पहिला येईल त्याची ती, असे ठरले होते. जोतिरामला ती जागा हवी होती, कारण पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार होती. त्याची ही शेवटची संधी होती, आणि शिवतेजपुढे अजून कितीतरी वर्षे पडली होती. हेच त्याला सर्वांत जास्त सलत होते.

मत्सर म्हणजे काय, हे आपल्यासारख्या प्रौढांना समजावून सांगण्याची गरज नाही. शिवतेज नुसता पाणी प्यायला तरी जोतिरामला वाटे, काय मिरवतोय बघा. कुणी शिवतेजची पाठ थोपटली की याची पाठ खाजू लागे. आणि शिवतेज तर बिचारा ‘जोतिदादा, जोतिदादा’ करत त्याच्या मागेमागे फिरे. त्यामुळे राग काढायलाही जागा नव्हती, आणि न काढलेला राग फार दिवस टिकतो.

त्याच सुमारास तालुक्याच्या गावच्या एका शेठजींनी गुरुजींना निरोप धाडला. त्यांचे खेळाच्या सामानाचे दुकान होते. मनाने उदार मनुष्य. फक्त आपले औदार्य लोकांना दिसावे एवढीच माफक अपेक्षा. दोघा पळणाऱ्यांना ते एकेक बुटांचा जोड देणार होते, आणि दोघांनी दुकानाचे नाव छापलेले बनियन घालून पळायचे होते.

बूटही साधेसुधे नव्हते. हल्ली मोठ्या शर्यतींत घालतात ते, जाड तळव्यात कार्बनची पातळ, ताठ पट्टी बसवलेले. पाऊल टेकले की तळवा दबतो आणि उचलताना पट्टीच्या जोराने पाय पुढे ढकलल्यासारखा होतो. शेठजींनी तीन तऱ्हा मांडल्या, प्रत्येकीचा त्या मापाचा एकेकच जोड. केशरी बुटाची पट्टी सर्वांत ताठ आणि पुढचे टोक होडीसारखे वर वळलेले. पांढरा वजनाला सर्वांत हलका, पण पुढे निमुळता. हिरवा जरासा जड, रुंद आणि दिसायला अगदीच सामान्य.

जोतिरामने आठवडाभर मोबाईलवर या तिन्हींची तुलना पाहिली होती. कुणाचे वजन किती, कुणाचा तळवा किती जाड, कुणाची पट्टी कशी वळवलेली, सगळे त्याला तोंडपाठ होते. दुकानात त्याने तिन्ही घालून पाहिले. हिरवा घातल्यावर तो दुकानासमोरच्या रस्त्यावर दोनदा पळून आला आणि शेठजींना म्हणालाही, “ह्यो बरा बसतोय.”

मग शिवतेजने केशरी घातला. रस्त्याच्या टोकापर्यंत गेला, परत आला आणि धापा टाकत हसू लागला. “गुरुजी, ह्यो तर आपसूकच पळतोय!”

गुरुजी म्हणाले, “जोतिराम थोरला आहे. पहिली निवड त्याची.”

जोतिरामने शिवतेजच्या चेहऱ्याकडे पाहिले. मग म्हणाला, “मला केशरी.”

शिवतेजचे हसू मावळले. त्याने खाली बसून नाड्या सोडल्या, बूट पुसून जोतिरामच्या हाती दिला आणि स्वतःसाठी पांढरा उचलला. हिरवा परत फळीवर गेला. घरी परतताना जोतिरामने केशरी बुटाचे गुण सगळ्यांना ऐकवले. कारणे सगळी खरी होती. फक्त ती निवडीनंतर सुचली होती.

पुढचे काही आठवडे वाईट गेले. लांब पल्ल्याच्या सरावात जोतिरामच्या पोटरीत गोळे येऊ लागले. त्याने खाण्याला दोष दिला, रस्त्याला दिला, थंडीला दिला, आणि लांब मोज्याखाली पट्टा बांधून पळत राहिला. बुटावर मात्र त्याने शब्दानेही संशय घेतला नाही. तिकडे शिवतेजची बोटे पांढऱ्या बुटात चेपून नखे काळी पडली. तो लंगडताना दिसला की जोतिरामला पोटरीचे दुखणे थोडे कमी वाटे. लिहायला लाज वाटते, पण वाटे हे खरे.

गुरुजी दगडावर बसून चारही पायांकडे पाहत होते. एका संध्याकाळी त्यांनी दोघांचेही बूट मागून घेतले आणि शेठजींना सांगून हिरवा जोडही आणवला. “उद्या पहाटे एकेकट्याने या,” ते म्हणाले. “आधी शिवतेज, मग जोतिराम.”

दुसऱ्या दिवशी जोतिराम पठारावर पोहोचला तेव्हा शिवतेज निघून गेला होता आणि शेठजी डोक्याला हात लावून बसले होते. समोर तीन जोड मांडलेले होते आणि तिन्ही वरून, बाजूने, नाड्यांसकट लाल चिखलाने इतके जाडजूड लिंपलेले की आकारही बुजला होता. कुठला केशरी आणि कुठला पांढरा, काही कळायला मार्ग नव्हता.

“अहो, एवढ्या महागाचा माल!” शेठजी कळवळून म्हणाले. “माणसं शेणानं अंगण सारवतात, तुम्ही माझे बूट सारवलेत!”

“धुतले की निघेल,” गुरुजी म्हणाले. “जोतिराम, बस. मान वर कर आणि आभाळाकडं बघ.”

आणि ते वृद्ध गुरुजी, ज्यांना खाली बसताना गुडघा धरावा लागे, ते शिष्याच्या पायाशी बसून स्वतःच्या हातांनी त्याला बूट घालू लागले. जोतिराम ओशाळून उठू लागला तर त्यांनी त्याला दटावले. “हलू नको. पळून ये आणि काय वाटलं ते सांग. खाली बघायचं नाही.”

पहिला जोड घालून तो वाटेच्या वळणापर्यंत जाऊन आला. “बोटं आवळतात,” म्हणाला. दुसरा घालून निघाला तो अर्ध्या वाटेतूनच पोटरी चोळत परतला. “ह्यो कुठला टाकाऊ बूट काढलाय शेठनं? टाच टेकली की पाय नुसता पुढं लोटतोय. पोटरी तुटायची वेळ आली.”

तिसरा घालून मात्र तो वळणापलीकडे दिसेनासा झाला. बऱ्याच वेळाने आला तेव्हा त्याचा श्वास शांत होता आणि चेहऱ्यावर पूर्वीचा जोतिराम होता. “हाच!” तो म्हणाला. “हाच माझा केशरी. आज कुठं पायात बसला बघा.”

गुरुजींनी कळशीतले पाणी त्या बुटावर ओतले. चिखल ओघळला आणि खालून हिरवा रंग दिसू लागला. मग त्यांनी त्या ‘टाकाऊ’ जोडावर पाणी ओतले. तो केशरी होता.

जोतिरामने वाकून दोन्ही जोड पाहिले. रागावला, चपापला आणि शेवटी त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा: “शिवतेजनं कुठला निवडला?”

“त्यालाही न दाखवताच घातले होते,” गुरुजी म्हणाले. “त्यानं केशरी निवडला. तो चवड्यावर पळतो. तो बूट तसल्या पायासाठीच केलाय.”

हे शब्द कानी पडताच जोतिरामचा हात पुढे गेला आणि त्याने केशरी जोड उचलून छातीशी धरला. पोटरी अजून ठणकत होती. पायात हिरवा बूट होता, ज्याला त्याने नुकतेच डोक्यावर घेतले होते. तरी हात केशरीवरच गेला.

“जोतिराम,” गुरुजी हळूच म्हणाले, “आता खाली बघ. हातात काय धरलंयस ते बघ.”

जोतिरामने पाहिले. केशरी बुटाचा चिखल त्याच्या छातीवर उतरला होता.

गुरुजी त्याच्याशेजारी बसले. “तू आठवडाभर बुटांची तुलना केलीस. वजन पाहिलंस, पट्टी पाहिलीस, तळवा पाहिलास. दुकानात पाय ठेवलास तोवर ती सगळी मेहनत खरी होती. मग त्या पोराच्या तोंडावर आनंद दिसला आणि तुझ्या डोळ्यांना बूट दिसेनासे झाले. तुला केशरी नको होता, बाळा. तो शिवतेजला मिळायला नको होता. त्यापायी तुझ्या पायाजोगा बूट फळीवर पडून राहिला, त्याच्या पायाजोगा तुझ्या पोटरीवर उठला आणि तो पोरगा तिसऱ्याच बुटात नखं काळी करून घेत बसला. मी चिखल लिंपला तो रंग झाकायला. तुझ्या डोळ्यांवरचा मला कसा धुवायचा ते कळंना, म्हणून बुटांवर लावला.”

जोतिरामने छातीवरचा चिखल हाताने पुसला. मग म्हणाला, “गुरुजी, हा बूट त्याला दिला तर तो मला हरवील. ही माझी शेवटची खेप आहे.”

“हरवीलही,” गुरुजी म्हणाले. “मी तुला खोटं सांगणार नाही. आणि दे असंही सांगणार नाही. पहिली निवड तुझी होती, ती अजून तुझीच आहे.”

गुरुजी उठून सायकलीकडे गेले. शेठजीही आपला पांढरा जोड सावरत निघाले. जोतिराम एकटाच कळशीपाशी बसून राहिला. मग त्याने केशरी बूट धुतला. शिवणींत अडकलेली माती काडीने काढली, नाड्या सोडून पिळल्या, आणि ते सगळे करताना त्याच्या मनात शंभरदा आले की ठेवून घ्यावा. दुपारी तो शिवतेजच्या दारात गेला आणि म्हणाला, “घे. ह्यो तुझा हाय. मला बसत नव्हता. तुला बसतोय म्हणूनच मी घेतला होता.”

 शिवतेजने बूट घेतला आणि जोतिदादाला चहाला थांबवले. तो चहा जोतिरामला काही गोड लागला नाही.

संध्याकाळी गुरुजींनी विचारले, “गेला का मत्सर?”

“नाही.”

“इतक्यात जाणारही नाही. असू दे बरोबर. फक्त बूट निवडायला त्याला पाठवत जाऊ नको.”

निवडस्पर्धा झाली. पोटरी शेवटपर्यंत शांत राहिली आणि जोतिराम त्याच्या आयुष्यातली सर्वांत चांगली शर्यत पळाला. शेवटच्या चढापर्यंत दोघे खांद्याला खांदा लावून होते. चढावर शिवतेज चवड्यांवर उठला आणि पुढे निघून गेला. जागा त्याची झाली. जोतिरामने त्याला मिठी मारली, आणि मग सगळ्यांपासून दूर जाऊन एका झाडाखाली बसून तो रडला.

गुरुजी सावकाश चालत तिथे आले. “काय वाटतंय?”

“जळतंय आतून,” जोतिराम म्हणाला. “बूट दिला नसता तर आज तिथं मी उभा असतो, असंही वाटतंय. पण तसं नाही, ते मला कळतंय. पोटरी धरून वाटेतच बसलो असतो.”

गुरुजींनी मान हलवली. ते त्याच्याशेजारी टेकले. मग जोतिरामने पाय लांब केले, नाड्या सैल केल्या आणि पायांतल्या हिरव्या, धुळीने भरलेल्या बुटांकडे निरखून पाहिले.

“बूट चांगला आहे, गुरुजी,” तो म्हणाला. “टाचेला घट्ट धरतो. पुढं बोटांना जागा देतो.”

गुरुजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. कित्येक आठवड्यांत बुटांविषयी तो पहिल्यांदाच असे काही बोलला होता, ज्यात शिवतेज नव्हता.