पानाच्या गाडीतला रेडिओ

"उस्ताद, आता तरी पक्कड देणार का?"

अभिनंदन चौगुलेने हे विचारलं तेव्हा पिकअपमधला नवा रेडिओ खणखणीत वाजत होता.

मी स्कूटरचा हॉर्न दुरुस्त करून घ्यायला मिरजेत इस्माईल उस्तादांच्या गॅरेजवर बसलो होतो. गाड्यांचं वायरिंग जाणणारा असा माणूस जिल्ह्यात दुसरा नाही. हे माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

उस्तादांचा एक रिवाज होता. चेला तयार झाला की ते हातातली जुनी पक्कड त्याला देत आणि स्वतःला नवी घेत. पक्कड मिळाली की चेल्याने आपलं दुकान टाकायचं. तोवर नाही.

अभिनंदनने जयसिंगपुरात गाळा बघून ठेवला होता. बोर्डसुद्धा रंगवून तयार होता. घोडं अडलं होतं ते पकडीपाशी.

गाडी तातोबा मगदूमांची; तेही तिथेच उभे होते. विड्याची पानं घेऊन ते कोकणात जायचे. घाटात साधा रेडिओ खरखरतो आणि एकट्या माणसाला डुलकी येते. म्हणून त्यांनी थेट उपग्रहावरून ऐकू येणारा रेडिओ आणला होता.

अभिनंदनचं काम देखणं झालं होतं, खोटं कशाला बोलू. मागच्या करंड्यांच्या आड येऊ नये म्हणून अँटेना टपाच्या पुढच्या कडेला बसवली होती. तिची तार टपावरून खाली, दाराच्या रबरातून आत आणि तिथून डॅशबोर्डवरच्या रिसीव्हरपर्यंत. कुठे ढिलाई नाही. सतारीच्या तारेसारखी ताठ.

उस्तादांनी तारेवरून बोट फिरवलं.

"हात चांगला आहे तुझा."

"मग पक्कड…?"

"पाणी आण."

अभिनंदनने तांब्या भरून आणला. उस्तादांनी मान हलवली.

"बादलीभर."

बादली आली. उस्तादांनी रिसीव्हर सोडवून सीटवर ठेवला. स्वतः आत बसले. तारेच्या मोकळ्या टोकाखाली तळवा धरला.

"तातोबा, वाटेत पानांवर पाणी मारता तसं मारा."

"मारू म्हणता? त्ये नवं हाय अजून…"

"मारा."

तातोबांनी करंड्यांवरच्या गोणपाटावर पाणी शिंपडलं. पाणी गोणपाटावरून टपावर आलं. टपावरून तारेवर. आणि त्या ताठ तारेनं बोट धरून नेल्यासारखं त्याला आत नेलं.

उस्तादांनी तळवा बाहेर काढून दाखवला. भरला होता.

अभिनंदनचा चेहरा पडला.

"पावसाचा विचार मी केला होता, उस्ताद. जूनच्या आधी दाराचं रबर बदलणारच होतो. आत्ता तर कडक उन्हाळा…"

उस्ताद तातोबांकडे वळले.

"वाटेत किती वेळा मारता?"

"उन्हाळ्यात? घाट उतरंस्तोवर चार डाव. न्हायतर पानं माना टाकत्यात की."

"मला कुणी सांगितलंच नाही," अभिनंदन म्हणाला.

उस्तादांनी ओला हात विजारीला पुसला.

"करंड्या ओल्या होत्या…"

मला वाटलं, हा आता पाय आपटत निघून जाणार. बोर्ड रंगवून ठेवलेला माणूस दुसरं काय करील?

पण गडी खाली बसला.

त्याने सीटखाली गुंडाळून लपवलेली जास्तीची तार बाहेर ओढली. दाराबाहेर तिचा एक झोळ सोडला. तार आधी खाली, मग वर आणि मग रबरातून आत. दिसायला जरा गबाळंच. मघाची ती शोभा गेली.

मग त्याने तातोबांना विचारलं, "मामा, उतरताना दार कसं ढकलता? ह्यात हात नाही ना अडकणार?"

तातोबा खूश झाले. आत बसून, उतरून, दार ढकलून त्यांनी दाखवलं. हात लागत होता. अभिनंदनने झोळ चार बोटं पुढे सरकवला. तातोबांनी पुन्हा दाखवलं. आता लागत नव्हता.

दुसरी बादली अभिनंदनने न सांगता आणली. आत बसला आणि तारेच्या टोकाखाली आपला तळवा धरला.

"मारा, मामा."

पाणी टपावरून तारेवर आलं. तारेवरून झोळात उतरलं. तिथे खाली साठलं, जड झालं आणि मातीत पडलं. वर चढून आत काही गेलं नाही.

अभिनंदनचा तळवा कोरडा होता.

त्याने घाईघाईने रिसीव्हर जोडला. गाणं लागलं, एकदम स्वच्छ. त्याने आवाज वाढवला.

"ऐका उस्ताद!"

"बंद कर."

"अहो, पण…"

"कर बंद."

रेडिओ बंद झाला. तातोबाही बादली हातात धरून उभे राहिले.

झोळातून थेंब पडत होते. टप… टप…

उस्ताद मान खाली घालून ऐकत होते. ह्या गावात मी मोठमोठ्या मैफलींना बसलोय. इतकं मन लावून ऐकणारा माणूस मला तिथेही दिसला नाही.

मग त्यांनी खिशातली जुनी पक्कड काढली आणि अभिनंदनच्या कोरड्या तळव्यावर ठेवली.

"आता लागलं स्टेशन."