पुढचा भोई

त्र्यंबकपंत कारभाऱ्यांना तळ्याचा बांध पावसाळ्याआधी उभा हवा होता. ते रोज पालखीतून बांधावर जात, "हात चालवा!" म्हणून खेकसत आणि परत येत. बांध मात्र होता तिथेच होता.

एका सकाळी वाटेतच पंत करवादले, "आज सगळ्या कामचुकारांना हाकलतो!"

पालखीला पुढे खांदा देणाऱ्या सटवाजी भोयानं ते ऐकलं. त्याचा भाऊ त्याच बांधावर माती वाहत होता. तरी सवयीनं त्यानं हाक दिली, "डावीकडं दगूड! म्होरं चढ, मग वडाची सावली!"

"गप्प बस रे! नुसतं चाल!"

सटवाजी गप्प झाला. दहा पावलांत मागच्यांना ठेच लागली, पालखी कलंडली आणि पंतांची पगडी धुळीत पडली.

"मागचे आंधळे आहेत काय?"

"न्हाई, सरकार. मधी पालखी हाय, त्यास्नी म्होरलं दिसत न्हाई. म्या सावली जवळ आली म्हटलं, की त्यांच्या पायास्नी जोर येतो." सटवाजीनं पगडी उचलून दिली. "बांधावर म्होरलं फकस्त तुमास्नी दिसतं. अन् तितं तुमी नुसतं 'चाल' म्हणता."

पंतांनी पगडी झटकून डोक्यावर ठेवली.

त्या दिवशी ते पहिल्यांदाच पालखीतून बांधावर उतरले. एक बांबू रोवून म्हणाले, "मृगाआधी माती या खुणेपर्यंत. मग पाणी त्या चिंचेला टेकेल आणि तुमची शेतं उन्हाळ्यातही भिजतील." सगळ्यांच्या माना चिंचेकडे वळल्या आणि घमेली भराभर उचलली गेली.

परतताना सटवाजी मुकाट चालत होता. पालखीतून पंत खाकरले, "सटवाजी, ओरड की रे! पगडी एकच आहे."