तांगशेठच्या विहिरीचं कुलूप

दूर चीन देशात, नदीकाठच्या एका गावात, एक कादंबरीकार राहायचा. फान वेईलिन त्याचं नाव. तरुणपणी तो सरकारी परीक्षेला बसायचा आणि दर वेळी नापास होऊन परत यायचा. पास झाला तो हाकीम, नापास झाला तो फुकट, अशी तिथली समजूत. शेवटी फाननं परीक्षेचा नाद सोडला आणि गोष्ट लिहायला घेतली. तीही साध्या माणसांच्या बोलीत. शिकलेसवरलेले नाक मुरडायचे. म्हणायचे, "बाजारातलं बोलणं लिहायला शाई कशाला नासायची?"

घर चालायचं ते बायकोच्या जिवावर. सूनियांग तिचं नाव. ती घाटावर नावाड्यांना गरम पेज विकायची. तोंडाची फटकळ, पण मनाची खरी. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून फान वाचून दाखवायचा आणि ती पेज ढवळत ऐकायची. "हं, ही सासू बरोबर उतरलीय," एवढं ती म्हणाली, की फानला हाकिमी मिळाल्यासारखं वाटायचं.

कादंबरी पुरी झाली तेव्हा त्याचे केस पिकले होते आणि खोकला हटत नव्हता. आता एकच इच्छा उरली होती. डोळे मिटायच्या आत पुस्तक छापलेलं पाहायचं. पण छापणं म्हणजे काय सोपं काम? एकेका पानासाठी लाकडाची फळी आणायची, तिच्यावर उलटी अक्षरं कोरायची, मग शाई लावून कागद दाबायचा. पेजेच्या हंड्यातून एवढा खर्च कुठला निघायला?

त्याच गावात तांगशेठ नावाचा मिठाचा मोठा व्यापारी होता. एक दिवस त्यानं फानला बोलावून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाला, "फानजी, तुमचं पुस्तक मी छापतो. उत्तम फळ्या, उत्तम कागद. पहिल्या पानावर तुमचं नाव."

फाननं पेला खाली ठेवला.

"फक्त एक करा," शेठ म्हणाला. "त्यात एक व्यापारी आहे. नदी आटते तेव्हा तो आपल्या विहिरीला कुलूप घालतो. तिथं एवढंच लिहा, की त्यानं कुलूप काढलं आणि सगळ्यांना पाणी दिलं."

आता गंमत अशी, की नदी आटली त्या वर्षी खुद्द तांगशेठनंच विहिरीला कुलूप घातलं होतं. हे गावातलं शेंबडं पोरही सांगायचं.

फान घरी आला. सूनियांगनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "अहो, एका कुलपाचं काय घेऊन बसलात? काढून टाका ते. बाकीचं तर तुमचंच राहतंय ना?"

फाननं कुंचला घेतला. कागदावर शेठनं कुलूप काढलं. बायका रांगेनं आल्या. लिहून झालं तसं तो वाचायला लागला, "मग त्या म्हातारीनं घागर भरली आणि शेठला आशीर्वाद दिला..."

पेज ढवळता ढवळता सूनियांगचा डाव हंड्यात थांबला.

"कोण म्हातारी?"

"तीच. आपल्या गल्लीतली."

"ती डोंगरापलीकडं पाण्याला गेली आणि वाटेतच मेली. तिचं तोंड मी पुसलंय ह्या हातानं. जिवंतपणी तिला कुणी घोटभर पाणी दिलं नाही, आणि आता तुम्ही शाई पाजताय?"

फाननं ते नवं पान काढलं आणि जुनं परत जागच्या जागी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तो शेठकडं जाऊन म्हणाला, "शेठ, पुस्तकातलं कुलूप माझ्याच्यानं निघत नाही. किल्ली तुमच्याकडं होती."

शेठ हसला. "उद्या मेलात तर तुमचं नाव कोण घेणार आहे?"

"नाव राहू द्या. गोष्ट राहिली तरी बास."

शेठनं मग परीक्षा पास झालेला एक पंडित धरला आणि स्वतःच्या दानधर्मावर जाडजूड पुस्तक छापून घेतलं. घरोघरी फुकट वाटलं. आता त्या मुलखात एक रीत होती. लिहिलेला कागद पायाखाली येऊ द्यायचा नाही, त्यात भाजी बांधायची नाही. नको असला, तर देवळापाशी विटांची एक भट्टी असायची, तिथं हात जोडून जाळायचा. लोकांनी शेठचं पुस्तक चाळलं, कपाळाला लावलं आणि भट्टीकडं नेलं. अपमान करायचा म्हणून कुणी हे केलं नाही. सगळं कसं रीतीनं. भट्टीपुढं ही एवढी रांग लागली. शेठला दुरून वाटलं, आज देवळात काही उत्सव असेल.

फानचं पुस्तक कुणी छापलं नाही. पण चहाच्या दुकानात एकानं त्यातला एक भाग वाचायला मागितला आणि हातानं उतरून घेतला. त्याच्याकडून दुसऱ्यानं घेतला. पानं नावेत बसून नदीनं खाली गेली.

एकदा समुद्राकडचा एक नावाडी घाटावर पेज खात बसला होता. फान बाजूलाच होता. नावाडी म्हणाला, "आमच्याकडं सध्या एक कादंबरी वाचतात. लिहिणारा कोण, ठाऊक नाही. पण आमच्याच गावचा असणार."

"ते कशावरून?" सूनियांगनं विचारलं.

"त्यातला कुलूपवाला व्यापारी. आमचा लिऊशेठच, हुबेहूब. लिऊशेठ तर घरातल्या गड्यांना दरडावतोय, 'ह्याला आतलं कुणी सांगितलं?'"

फाननं ते गाव जन्मात पाहिलं नव्हतं. सूनियांग सांगायला तोंड उघडणार, तोच त्यानं मानेनंच नको म्हटलं. मग तिनं नावाड्याच्या वाडग्यात आणखी पेज ओतली आणि म्हणाली, "आणि ती म्हातारी रे? तिचं काय होतं?"

नावाड्यानं वाडगा खाली ठेवला.

"ती वाटेतच जाते, मावशी. ते वाचतात तेव्हा आमच्या दुकानात कुणी चहाचा घोट घेत नाही."

तात्पर्य: खोटं फुकट वाटलं तरी कुणाच्या घरात टिकत नाही, आणि खरं हातानं उतरून घ्यावं लागलं तरी लोक सोडत नाहीत, म्हणून नावासाठी आपलं खरं कुणाला विकू नये.